पोस्टग्रेसमधल्या लोकेलच्या ग्लोबल व्हेरिएबल्सची आवराआवर

सी भाषेतलं टूलोअर हे फंक्शन एक अक्षर घेतं आणि एक अक्षर परत देतं. निदान हेडर फाइलमध्ये तरी एवढंच लिहिलेलं असतं. पण त्याला इंग्रजी मोठा आय दिला तर बिंदूवाला छोटा आय मिळेल की बिनबिंदूचा, हे त्या एका आर्ग्युमेंटवरून ठरत नाही. प्रोसेसचं लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाप्रमाणे अक्षरं, क्रम, तारखा कशा हाताळायच्या याचं सेटिंग, तुर्की आणि एन्कोडिंग आयएसओ ८८५९-९ असेल तर बिनबिंदूचा मिळतो. म्हणजे या फंक्शनला आणखी एक आर्ग्युमेंट आहे, ते कुठे लिहिलेलं नाही इतकंच. ते सी लायब्ररीच्या पोटात असतं आणि सेटलोकेल ते बदलतं.

डेटाबेसच्या सोर्समधली लोकेलची ग्लोबल व्हेरिएबल्स कमी करायची म्हटलं की हात पहिल्यांदा हेडरमधल्या एक्स्टर्न ओळींकडे, म्हणजे इतर फाइलींनाही वापरता येणाऱ्या व्हेरिएबल्सच्या नोंदींकडे, जातो. त्या डोळ्यांना दिसतात, म्हणून सोप्या वाटतात. खरी अडचण आहे ती सी लायब्ररीतल्या या न दिसणाऱ्या अवस्थेची. दिसणारी बरीचशी व्हेरिएबल्स तिच्या सावल्या आहेत: सी लायब्ररीत आत्ता काय लावलेलं आहे हे पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून कुणीतरी उत्तर बाजूला लिहून ठेवलेलं. सावल्या आधी पुसायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न परत विचारावा लागतो. मूळ आधी हलवलं तर सावल्यांची गरजच उरत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १७ आणि १८ या आवृत्त्यांच्या दरम्यान हे काम मोठ्या प्रमाणावर झालं, आणि ते कोणत्या क्रमाने झालं ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

आधी मोजदाद

१७ व्या आवृत्तीतली पीजी_लोकेल.सी ही फाइल समोर ठेवा. तिच्यात चार वेगवेगळ्या जातींची ग्लोबल अवस्था आहे. या जाती एकमेकींत मिसळल्या की गोंधळ सुरू होतो.

पहिली जात वापरकर्त्याच्या सेटिंगची: लोकेल_मेसेजेस, लोकेल_मॉनेटरी, लोकेल_न्यूमरिक आणि लोकेल_टाइम या चार स्ट्रिंग्ज. सेशनमध्ये सेट कमांडने त्या बदलतात आणि जीयूसी ही सेटिंग्जची यंत्रणा त्या सांभाळते. यांना हात लावायची गरज नाही. सेटिंग कुठेतरी राहणारच.

दुसरी जात कॅशची: वारांची आणि महिन्यांची पूर्ण व संक्षिप्त नावं ठेवणारे चार अ‍ॅरे, चलनाच्या खुणा ठेवणारं एक स्ट्रक्ट, आणि कॅश अजून खरा आहे की शिळा झाला हे सांगणारी दोन बूलियन व्हेरिएबल्स. सेटिंग बदललं की असाइन हुक (सेटिंग बदलताना चालणारं फंक्शन) फक्त बूलियन खोटं करतो, प्रत्यक्ष भरणा पहिल्या वापराच्या वेळी होतो. ही रचना चांगली आहे, कारण असाइन हुकमध्ये काही फसलं तर मागे फिरता येत नाही. तिथे जेवढं कमी काम होईल तेवढं बरं.

तिसरी जात डेटाबेसबद्दलच्या तथ्यांची. १५ ते १७ या आवृत्त्यांत डिफॉल्ट_लोकेल हे स्ट्रक्ट एक्स्टर्न होतं, म्हणजे ते एका फाइलीत राहायचं आणि दुसऱ्या फाइलीतून, पोस्टइनिट.सी मधून, भरलं जायचं. शेजारी डेटाबेस_सीटाइप_इज_सी हे बूलियन. शिवाय एलसी_कोलेट_इज_सी आणि एलसी_सीटाइप_इज_सी या दोन फंक्शनांच्या आत लपलेला एकेक स्टॅटिक इंट, सुरुवातीला उणे एक. पहिल्या हाकेला सेटलोकेलला नल देऊन चालू नाव विचारायचं, ते सी किंवा पोझिक्स, म्हणजे कुठल्याही भाषेचे नियम नसलेलं साधं लोकेल, आहे का बघायचं आणि उत्तर त्या इंटमध्ये जपायचं. फंक्शनच्या आतले स्टॅटिक हे ग्रेपला सहज सापडत नाहीत. ऑब्जेक्ट फाइलवर एनएम ही कमांड चालवून छोट्या बी आणि डी ने खूण केलेली सिंबॉल्स बघितली तर ते हमखास दिसतात. मोजदाद नेहमी एनएमनेच करावी. नजरेवर विसंबू नये.

चौथी जात म्हणजे सी लायब्ररीची स्वतःची अवस्था. तिचं नाव कुठल्याच सिंबॉल टेबलमध्ये आपलं म्हणून येत नाही.

सेटलोकेल नेमकं कुठे चावतं

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे प्रोसेसभर एकच लोकेल असणं बरीच वर्षं खपून गेलं. एका प्रोसेसचा डेटाबेस एकच, आणि डेटाबेसचे एलसी_कोलेट (सॉर्टचा क्रम) व एलसी_सीटाइप (अक्षरांचं वर्गीकरण) तो तयार करतानाच ठरलेले. पोस्टग्रेसला प्रोसेसऐवजी थ्रेडवर नेण्याची चर्चा २०२३ पासून गांभीर्याने चालू आहे. त्या दिशेला जायचं तर दोन डेटाबेसची सेशन्स एकाच प्रोसेसमध्ये येणार आणि सेटलोकेलचा पाया तिथेच ढासळणार. पण थ्रेड बाजूला ठेवले तरी आजच्या घडीला चावणाऱ्या जागा आहेत.

पर्ल घ्या. पर्लची लायब्ररी सुरू होताना स्वतःच सगळ्या कॅटेगरींसाठी रिकामी स्ट्रिंग देऊन सेटलोकेल करते, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये जे असेल ते लावते. पीएल-पर्लमधलं, म्हणजे डेटाबेसच्या आत चालणाऱ्या पर्लमधलं, एक फंक्शन चालवलं आणि त्या क्षणापासून त्या बॅकएंडचा (कनेक्शनच्या प्रोसेसचा) सॉर्टचा नियम बदलला, असं झालं तर इंडेक्समध्ये नवीन ओळी चुकीच्या जागी शिरायला लागतील, आणि एरर कुठेच येणार नाही. म्हणून पीजी_पर्म_सेटलोकेल हे फंक्शन लोकेल लावल्यावर त्याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही सेट करून ठेवतं, की पर्लने विचारलं तरी त्याला तेच उत्तर मिळावं. विंडोजवर सेटलोकेल एन्व्हायर्नमेंट बघतच नाही, त्यामुळे पीएल-पर्लच्या कोडमध्ये पर्ल सुरू करण्याआधी सगळी नावं जपून ठेवायची आणि नंतर परत लावायची अशी वेगळी तजवीज आहे. एका अदृश्य व्हेरिएबलपायी दोन प्लॅटफॉर्मसाठी दोन वेगळ्या युक्त्या सांभाळाव्या लागतात.

दुसरी जागा एलसी_न्यूमरिक. जर्मन लोकेलमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम आहे. ते प्रोसेसला लावलं तर स्ट्रटॉड हे फंक्शन "१.५" वाचताना टिंबाशी थांबतं आणि १ परत देतं. डेटा गुपचूप बिघडतो. म्हणून पोस्टग्रेस एलसी_न्यूमरिक, एलसी_मॉनेटरी आणि एलसी_टाइम या तिन्ही कॅटेगरी सी लायब्ररीत कायम सी वरच ठेवतं. वापरकर्त्याने जर्मन निवडलं तरी ते फक्त जीयूसी स्ट्रिंगमध्ये राहतं, आणि टू_चारसारख्या (आकडे-तारखा मजकुरात बदलणाऱ्या) फंक्शनला गरज पडली की तेवढ्यापुरतं सी लायब्ररीला विचारलं जातं.

खरी कसरत या "तेवढ्यापुरतं" शब्दात आहे.

३०४० बाइट्सचा बफर

कॅश_लोकेल_टाइम हे फंक्शन बघा. काम साधं: वारांची नावं आणि महिन्यांची नावं, पूर्ण आणि संक्षिप्त, म्हणजे एकूण ३८ स्ट्रिंग्ज, वापरकर्त्याच्या भाषेत मिळवायच्या. एलसी_टाइम मराठी ठेवलं आणि टू_चारच्या पॅटर्नमध्ये महिन्याआधी टीएम हा उपसर्ग दिला की "फेब्रुवारी" येतं ते इथूनच.

जुन्या कोडमध्ये क्रम असा होता. चालू एलसी_टाइमचं नाव विचारा. त्याची प्रत काढा, कारण सेटलोकेल जो पॉइंटर देतं त्याच्या मागची जागा पुढच्या सेटलोकेलने पुसली जाऊ शकते. या चुकीबद्दल फाइलीच्या सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत ताकीद आहे. नवीन लोकेल लावा. स्ट्रएफटाइम ३८ वेळा बोलवा. जुनं लोकेल परत लावा. मग मिळालेल्या स्ट्रिंग्ज डेटाबेसच्या एन्कोडिंगमध्ये बदला आणि कॅशमध्ये ठेवा.

यात लोकेल लावणं आणि परत लावणं यांच्या मधल्या ओळींत एरर येता कामा नये. पोस्टग्रेसमध्ये एरर म्हणजे लाँग जंप. मधल्या ओळी सोडून थेट वर. तसं झालं तर प्रोसेस चुकीच्या लोकेलमध्ये अडकून राहील. मेमरी मागणारं पीअलॉकसुद्धा एरर देऊ शकतं, आणि एन्कोडिंग बदलणं तर सहज देतं. म्हणून मधल्या टप्प्यात सगळं स्टॅकवरच्या एका बफरमध्ये साठवायचं: प्रत्येक नावाला ८० बाइट, ३८ नावं, एकूण ३०४० बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, "फेब्रुवारी"ची १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. ८० मध्ये आरामात बसतं. सगळं जमा झालं आणि जुनं लोकेल परत लागलं की मगच एरर देऊ शकणारी कामं. जुनं लोकेल परत लागलंच नाही तर फेटल, म्हणजे कनेक्शनच बंद. अशा प्रोसेसवर विश्वास टाकण्यापेक्षा ते बरं.

१८ व्या आवृत्तीत याची जागा न्यूलोकेल आणि स्ट्रएफटाइम_एल यांनी घेतली. न्यूलोकेल एक वेगळं लोकेल ऑब्जेक्ट बनवून हातात देतं, स्ट्रएफटाइम_एल ते शेवटचं आर्ग्युमेंट म्हणून घेतं, काम झालं की फ्रीलोकेल. प्रोसेसची अवस्था जागची हलत नाही. जपून ठेवणं, परत लावणं, फेटल, सगळं गेलं. दोन टप्पे मात्र ठेवलेलेच बरे: न्यूलोकेलने दिलेली जागा सी लायब्ररीच्या मॅलॉकमधली असते, पोस्टग्रेसच्या मेमरी कॉन्टेक्स्टला तिचा पत्ता नसतो. मध्येच एरर आली तर प्रोसेस बिघडणार नाही, पण ती मेमरी गळेल. पूर्वी त्याच शिस्तीवर प्रोसेसची शुद्धता टांगलेली होती, आता थोडी मेमरी टांगलेली आहे. फरक फार मोठा आहे.

चलनाच्या खुणांचंही तसंच. लोकेलकन्व्ह जे स्ट्रक्ट परत देतं तेही सी लायब्ररीच्या सामायिक जागेत असतं, म्हणून १८ मध्ये पीजी_लोकेलकन्व्ह_आर नावाचं फंक्शन आलं. ते लोकेलची नावं घेतं आणि उत्तर बोलावणाऱ्याने दिलेल्या स्ट्रक्टमध्ये भरतं.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी. भारतीय लोकेलमध्ये चलनाचं ग्रुपिंग "आधी तीन, मग दोन-दोन" असं दिलेलं असतं, आणि लोकेलकन्व्ह ते बरोबर आणून देतं. पण मनी टाइप छापणारा कोड त्या ग्रुपिंगचा फक्त पहिला बाइट वाचतो. म्हणून बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा आकडा १,२३४,५६७ असा येतो, १२,३४,५६७ असा येत नाही. ही लोकेल कॅशची चूक नाही, तिथे कितीही साफसफाई केली तरी हे बदलणार नाही. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर टू_चार वापरा. त्यात गटाची खूण पॅटर्नमध्ये आपणच जागेवर ठेवतो, शेवटच्या तीन आकड्यांआधी एक आणि मग दर दोन आकड्यांआधी एक.

नल पॉइंटर आणि सात पर्याय

आता तिसऱ्या जातीकडे, आणि इथेच खरी सफाई आहे.

१७ पर्यंत डेटाबेसचं डिफॉल्ट कोलेशन (मजकुराचा क्रम ठरवणारे नियम) सी लायब्ररीचं असेल, तर पीजी_न्यूलोकेल_फ्रॉम_कोलेशन हे फंक्शन नल परत द्यायचं. नलचा अर्थ "लोकेल नाही" असा नव्हता. "प्रोसेसला सेटलोकेलने जे लावलंय ते वापर" असा होता. त्यामुळे लोकेल वापरणाऱ्या प्रत्येक जागी फांद्या फुटल्या. स्ट्र_टूलोअरमध्ये बघा: सीटाइप सी आहे का, असेल तर साधं आस्की. नसेल तर आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी आहे का. १७ मध्ये आलेला बिल्टइन प्रोव्हायडर, म्हणजे पोस्टग्रेसचे स्वतःचे नियम, आहे का. तेही नसेल तर एन्कोडिंग अनेक बाइटचं आहे का. असेल तर लोकेल नल आहे का बघून टोडब्ल्यूलोअर_एल किंवा टोडब्ल्यूलोअर. एक बाइटचं असेल तर पुन्हा तोच प्रश्न विचारून टूलोअर_एल किंवा टूलोअर. हाच जिना स्ट्र_टूअपरमध्ये आणि स्ट्र_इनिटकॅपमध्ये पुन्हा. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या कोडमध्ये त्याचं एक एनम झालं होतं, १७ मध्ये त्यात सात पर्याय होते, आणि त्यातले दोन फक्त "नल असेल तर" एवढ्यासाठी.

म्हणून पहिली चाल ही: डिफॉल्टसाठीही खरं लोकेल ऑब्जेक्ट बनवा. नल कधीच परत द्यायचा नाही. एवढी एक गोष्ट झाली की प्रत्येक जिन्यातल्या दोन पायऱ्या जातात आणि कुठलंही व्हेरिएबल न काढता कोड हलका होतो.

ते ऑब्जेक्ट बनवताना काळजी लागते. डेटाबेसचे कोलेट आणि सीटाइप वेगळे असू शकतात. मग न्यूलोकेल दोनदा बोलवावं लागतं: आधी कोलेटच्या मास्कने, मग सीटाइपच्या मास्कने आणि तिसरं आर्ग्युमेंट म्हणून पहिल्याचं उत्तर. दुसरी हाक फसली तर पहिलं ऑब्जेक्ट तसंच शिल्लक राहतं, ते आपणच सोडवायचं. हे विसरणं ही इथली नेहमीची चूक. विंडोजवर असं जोडकाम होत नाही, तिथे दोन्ही नावं वेगळी असतील तर कोलेशन तयार करताना स्पष्ट एरर द्यावी लागते. आणखी एक: "जे लावलंय तेच दे" म्हणून एलसी_ग्लोबल_लोकेल हा खास पॉइंटर _एल फंक्शनांना देण्याचा मोह होतो. त्याला पोझिक्समध्ये आधार नाही.

_एल शेपटीची सगळी फंक्शनं सगळीकडे नसतात. एमबीएसटोडब्ल्यूसीएस_एल बीएसडी आणि मॅकवर आहे, लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत नाही. तिथे एका छोट्या फंक्शनच्या आत यूजलोकेलने त्या थ्रेडचं लोकेल बदलायचं, साधं फंक्शन बोलवायचं आणि लगेच परत फिरवायचं. हा तडजोडीचा मार्ग आहे, पण दोन यूजलोकेलच्या मध्ये एरर देऊ शकणारी एकही ओळ नसेल तर तो सुरक्षित आहे. तो त्या एका फंक्शनबाहेर पसरू देऊ नये.

दुसरी चाल: ऑब्जेक्टबद्दलची तथ्यं ऑब्जेक्टमध्येच ठेवा. कोलेट_इज_सी आणि सीटाइप_इज_सी ही दोन बूलियन फील्ड्स पीजी_लोकेल_टीच्या स्ट्रक्टमध्ये गेली, आणि १८ मध्ये एलसी_कोलेट_इज_सी व एलसी_सीटाइप_इज_सी ही फंक्शनं त्यांच्या पोटातल्या स्टॅटिक इंटसकट निघून गेली. व्हारस्ट्र_सीएमपीसारखा कोड आता आधी लोकेल मिळवतो आणि मग त्यालाच विचारतो: तू सी आहेस का? असशील तर मेमसीएमपी, म्हणजे नुसती बाइटची तुलना.

या चालीत घसरायच्या तीन जागा आहेत. नाव तपासताना "सी" आणि "पोझिक्स" ही दोन्ही पूर्ण स्ट्रिंग्ज जुळवायच्या, "सी.यूटीएफ-८" ची सुरुवात सीने होते म्हणून त्याला सी समजलात तर आस्कीबाहेरच्या अक्षरांचं अपर-लोअर बंद पडेल. दुसरी जागा सुरुवातीच्या क्षणांची. सी कोलेशनसाठी कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःची माहिती ठेवणारं) टेबल वाचायची वेळ येता कामा नये, कारण डेटाबेस निवडायच्या आधीच पीजी_डेटाबेसमध्ये नाव शोधावं लागतं, आणि नेम टाइपचं कोलेशन १२ व्या आवृत्तीपासून सी आहे. तिथे कॅटलॉगकडे धाव घेतलीत तर कनेक्शनच पूर्ण होणार नाही. सीसाठी एक तयार स्थिर ऑब्जेक्ट ठेवून शोधाशोधीच्या आधीच ते परत द्यायचं, हा त्यावरचा उपाय.

तिसरी जागा चुकीच्या "हो"ची, आणि ती सगळ्यात महाग. चार शब्द घ्या: बल, बळ, बस, बहर. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, त्यामुळे सीच्या क्रमात शब्द आत्ता लिहिले तसेच येतात. मराठी वर्णमालेत ळ हच्या नंतर. म्हणून मराठी कोलेशनमध्ये क्रम बल, बस, बहर, बळ. आता कोलेट_इज_सी एका वाटेवर चुकून खरं आलं आणि इंडेक्स सीच्या क्रमाने बांधला गेला, पण शोधणारी वाट मराठी क्रमाने चालली, तर "बळ" शोधताना ती शेवटच्या टोकाला जाईल आणि काही नाही म्हणून परत येईल. ओळ टेबलात आहे, इंडेक्समध्ये आहे, सापडत मात्र नाही. युनिक इंडेक्स असेल तर तीच ओळ दुसऱ्यांदाही शिरेल.

तिसरी चाल प्रोव्हायडरची. लिबसी, आयसीयू आणि बिल्टइन यांच्या फांद्या प्रत्येक ठिकाणी लिहिण्याऐवजी स्ट्रक्टमध्ये फंक्शन पॉइंटर्सचं एक टेबल ठेवायचं. १८ मध्ये तुलनेसाठी कोलेट_मेथड्स आले आणि पीजी_लोकेल.सीमधून तिन्ही प्रोव्हायडर्सच्या वेगळ्या फाइली निघाल्या. ही चाल पहिल्या दोन चालींच्या आधी करू नका. नल शिल्लक असताना मेथड टेबल केलं तर "नल असेल तर कोणतं टेबल" हा प्रश्न उभा राहतो आणि त्यासाठी आणखी एक ग्लोबल जन्माला येतं.

हे झाल्यावर डिफॉल्ट_लोकेल एक्स्टर्न राहायचं कारण उरत नाही. तो एका फाइलीतला स्टॅटिक पॉइंटर होतो, बाहेरून एक इनिट फंक्शन बोलवायचं आणि बस. कोलेशनच्या ओआयडीवरून (अंतर्गत क्रमांकावरून) लोकेल शोधणारं हॅश टेबल अजूनही स्टॅटिकच आहे, आणि ते तसंच राहिलं तरी चालेल. फक्त एका फाइलीला माहीत असलेला, हरवला तर पुन्हा भरता येणारा कॅश हा त्रासदायक ग्लोबल नव्हे. सगळी ग्लोबल्स शून्यावर आणायचा हट्ट धरला तर हेच लोकेल दहा फंक्शनांतून हाताने पुढे सरकवत बसावं लागेल. वेगाचीही भीती नको: सॉर्टमध्ये लोकेल एकदाच मिळवून ठेवतात, प्रत्येक तुलनेला शोधत नाहीत.

एक बूलियन, आणि दंडाचं काय होतं

डेटाबेस_सीटाइप_इज_सी काढणं सगळ्यात सोपं वाटतं, कारण ते एकच बूलियन आहे. पण फुल टेक्स्ट सर्चचा पार्सर त्याच्यावर दोन वेगळ्या वाटा निवडतो. ते खोटं असेल तर मजकूर सी लायब्ररीच्या वाइड कॅरेक्टरमध्ये बदलून "हे अक्षर आहे का" असं सी लायब्ररीला विचारलं जातं. खरं असेल तर ०x७एफच्या वरचं प्रत्येक चिन्ह सरसकट अक्षर मानलं जातं. दुसऱ्या वाटेवर आपला दंडही (।) अक्षर ठरतो. ओव्या-अभंगांचा मजकूर सीटाइप सी असलेल्या डेटाबेसमध्ये टाकला तर शेवटच्या शब्दाला चिकटलेला दंड त्या शब्दाचाच भाग होतो, आणि दंडाशिवाय शोधलं की ओळ सापडत नाही. डेटाबेसचा प्रोव्हायडर आयसीयू असला तरी १७ व्या आवृत्तीत पार्सर लिबसीच्या सीटाइपकडेच बघतो. म्हणून आयसीयू निवडताना एलसी_सीटाइप आळसाने सी ठेवू नये.

याच पार्सरमध्ये एक तक्ता आहे, स्ट्रेंज_लेटर नावाचा. काना, पहिली आणि दुसरी वेलांटी ही युनिकोडच्या वर्गीकरणात अक्षरं नाहीत, जागा घेणारी जोडचिन्हं आहेत. ती शब्द तोडणारी समजली गेली तर प्रत्येक कान्यापाशी शब्द फुटेल. तक्त्याची सुरुवातच देवनागरी विसर्गाने होते, यू+०९०३. तो फक्त यूटीएफ-८ मध्येच तपासला जातो. बूलियन काढून त्याऐवजी लोकेल ऑब्जेक्ट आणताना या दोन्ही वाटांवरचं वागणं आधी टेस्टमध्ये पकडून ठेवा: दंड, काना, विसर्ग आणि अवतरण चिन्ह असलेली चार वाक्यं पुरतात.

तपासणी आणि बाहेरची मंडळी

बदलाच्या आधी आणि नंतर तोच डेटा त्याच मशीनवर सॉर्ट करून निकाल बाइट-बाइट जुळवायचा. त्याच मशीनवर हे महत्त्वाचं: २०१८ मधल्या ग्लिबसी २.२८ ने अनेक लोकेलांचा क्रम बदलला, त्यामुळे दोन वेगळ्या ग्लिबसींवरचे निकाल जुळले नाहीत तर दोष कोडचा की लायब्ररीचा हे कळणार नाही. जुन्या बायनरीने बांधलेले इंडेक्स नव्या बायनरीखाली पीजी_अ‍ॅमचेकने तपासा. रिग्रेशन टेस्ट्स किमान चार लोकेलांत चालवा: सी, एक यूटीएफ-८ लोकेल, तुर्की, आणि दशांशाला स्वल्पविराम असलेलं एखादं. विंडोजची बिल्ड वगळू नका. तिथे फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं) नाही, नवी प्रोसेस मेनपासून सुरू होते, आणि पोस्टमास्टर या मुख्य प्रोसेसने भरलेलं स्टॅटिक व्हेरिएबल मुलाकडे रिकामं पोचतं. लिनक्सवर हे कधीच दिसत नाही. एक्झेक_बॅकएंड हा मॅक्रो लावून लिनक्सवरही ते वागणं तपासता येतं, आणि ते रोजच्या तपासणीत असावं.

१५ व्या आवृत्तीपासून सगळी ग्लोबल व्हेरिएबल्स एक्स्टेन्शनांना वापरता येतील अशी खुली केलेली आहेत. त्यामुळे एखादं काढलं की कुणाचं तरी एक्स्टेन्शन लोड होताना अनडिफाइंड सिंबॉल म्हणून पडणार. ते चालू आवृत्तीच्या किरकोळ अपडेटमध्ये कधीही करायचं नाही, फक्त पुढच्या मोठ्या आवृत्तीत. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी पीजी_व्हर्जन_नम १८०००० किंवा जास्त असेल तर लोकेलचं फील्ड वाचावं, नाहीतर जुनं फंक्शन बोलवावं. नलशी तुलना करणारी जागा मात्र कंपाइलर दाखवून देत नाही. ती गुपचूप मेलेली फांदी होऊन पडून राहते, म्हणून ग्रेपने शोधावीच लागते. १६ मध्ये एलसी_कोलेट आणि एलसी_सीटाइप ही फक्त वाचता येणारी सेटिंग्जही गेली, त्यामुळे शो कमांडने ती विचारणाऱ्या स्क्रिप्ट्स पीजी_डेटाबेस टेबलाकडे वळवा.

उरतं ते एलसी_मेसेजेस. गेटटेक्स्टचं (संदेशांची भाषांतरं देणाऱ्या लायब्ररीचं) लोकेल ऑब्जेक्ट घेणारं _एल रूप प्रत्यक्षात सहसा मिळत नाही, ते थ्रेडचं किंवा प्रोसेसचं चालू लोकेलच बघतं, आणि भाषांतर कोणत्या एन्कोडिंगमध्ये द्यायचं हे एलसी_सीटाइपवरून ठरवतं. ते एन्कोडिंग पोस्टग्रेस टेक्स्ट डोमेनला वेगळं बांधून देतं, पण भाषा निवडण्यासाठी चालू लोकेल लागतंच. विंडोजच्या सेटलोकेलमध्ये तर ही कॅटेगरीच नाही. तिथे नाव आयएसओ पद्धतीत बदलून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाकावं लागतं. सेशन चालू असताना वापरकर्ता भाषा बदलू शकतो, म्हणून हे सुरुवातीला एकदा लावून विसरताही येत नाही. सध्या तरी ही एक कॅटेगरी सेटलोकेलकडेच ठेवायची, ते लावणारी जागा एकच ठेवायची, आणि तिच्या वर हे असं का आहे याची नीट टिप्पणी लिहायची.